'इंटरअ‍ॅक्टिव्ह व्हिज्युअलायझेशन'च्या बटणांवर काय लिहाल?

प्रश्न
जुन्या मासिकांची स्कॅन केलेली हजारो पानं एकाच पडद्यावर ठिपक्यांनी दाखवायची आहेत. वर्षांची पट्टी सरकवली की ठिपके कमीजास्त होतात, टिचकी मारली की पान उघडतं. 'इंटरअ‍ॅक्टिव्ह डेटा व्हिज्युअलायझेशन'ला 'आंतरक्रियात्मक विदा-दृश्यांकन' म्हटलं तर अनुदानाच्या अर्जात शोभेल. पण बटणांवर काय लिहू? फिल्टर, ओव्हरव्ह्यू, ब्राउझ?

प्रतिसाद
'विदा' जालावर रुळलाय, 'दृश्यांकन'ही चालेल. बटणावर मात्र क्रियापदच हवं. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ साली अशा पडद्यांसाठी सांगितलेला क्रम आजही वापरतात: आधी सगळ्याचा आवाका, मग जवळ जाणं आणि निवडणं, शेवटी मागेल त्याला तपशील. फिल्टरला 'चाळा' म्हणा. आपण पीठही चाळतो आणि पुस्तकही.

प्रतिसाद
तीच तर अडचण! पीठ चाळताना कोंडा बाजूला पडतो, पुस्तक चाळताना काहीच पडत नाही. पडद्यावर या दोन वेगळ्या क्रिया आहेत: पहिली फिल्टर, दुसरी ब्राउझ. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१६ मध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक चित्रं-छायाचित्रं वगैरे मुक्त केली, तेव्हा ती सगळी चिमुकल्या चित्रांच्या रूपात एकाच पडद्यावर मांडली होती. शतकानुसार लावा, प्रकारानुसार लावा, रंगानुसार लावा. गळत काहीच नाही, फक्त जागा बदलतात. त्याला 'लावा' पुरेसं आहे. (शिवाय नुसतं 'चाळा' वाचून मला हाताचा चाळा आठवतो.)

प्रतिसाद
मग फिल्टरला 'गाळा'?

प्रतिसाद
मुळीच नको. 'दिवाळी अंक गाळा' वाचून निम्मे लोक दिवाळी अंक वगळले असं समजतील, निम्मे उलट. 'फक्त दिवाळी अंक' लिहा, वाद मिटला.
ओव्हरव्ह्यूला कोणी 'सिंहावलोकन' सुचवायच्या आत सांगते: सिंह मागे वळून पाहतो, वरून नाही. वरून पाहणं ते विहंगावलोकन, पण बटणावर ते मावणार नाही. 'सगळं दाखवा'.

प्रतिसाद
जाता जाता, ट्रीमॅपला 'वृक्षनकाशा' करू नका. लोक वड-पिंपळ शोधतील. हा प्रकार श्नायडरमन यांनीच भरलेल्या हार्ड डिस्कवर कोणी किती जागा अडवलीय ते पाहायला काढला. दिसतात ते लहानमोठे चौकोन, जितका वाटा मोठा तितका चौकोन मोठा. 'चौकोनी आलेख' म्हटलं तरी कळेल.

प्रश्नकर्ती
'सगळं दाखवा', 'वर्षानुसार लावा', 'फक्त दिवाळी अंक' घेते. विभागाचं नाव 'चाळून पाहा', तिथे दोन्ही अर्थ चालतील. झूम झूमच राहील. आता माउस नुसता वर नेला की दिसणाऱ्या छोट्या चौकटीला काय म्हणायचं? 'टूलटिप' आमच्या संपादकांना मान्य नाही.