नातेसंबंधांवरचा लार्प संपला, पण मनातून जात नाही. काय करावं?

अर्धा_कटिंग
लार्प म्हणजे प्रेक्षक आणि लिहिलेले संवाद नसलेला, स्वतः पात्र होऊन खेळायचा खेळ. आमचा नॉर्डिक (उत्तर युरोपी) धाटणीचा, आठ तासांचा, आठ जोडपी, लग्न मोडायची रात्र. माझी भूमिका नवऱ्याला फसवणाऱ्या वंदनाची. नवऱ्याची, म्हणजे अविनाशची, भूमिका करणाऱ्याशी आधीची ओळख तासाभराची. आता त्याची आठवण येते, त्याचा रागही येतो, आणि वर खेळ झकास झाला असंही वाटतं. त्याला मेसेज करावा का?

विंगेतला
याला लार्पवाले ब्लीड म्हणतात. शब्द अमेरिकन गेम-डिझायनर एमिली केअर बॉस यांचा, २००७ चा. पात्राचं खेळाडूत झिरपतं, खेळाडूचं पात्रात. नाटकात वाक्यं लेखकाची असतात, तालमीत घासून गुळगुळीत झालेली. इथं "मला तुझा कंटाळा आलाय" हे तुमचं तुम्हालाच सुचलेलं असतं. त्या वेळी घसा दाटून आला असेल तर तो खराच दाटलेला असतो. त्यामुळे तिन्ही भावना एकदम येणं अगदी नेहमीचं आहे.

मेसेज जरूर करा, फक्त दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि त्यात "अवि" नको. दिवसाउजेडी चहाला भेटा. पहिली दहा मिनिटं खेळाचा विषय काढायचा नाही. नंतर "तू मला म्हणालास" ऐवजी "अविनाश वंदनाला म्हणाला" असंच बोलायचं. जीभ घसरतेच, घसरली की वाक्य पुन्हा म्हणा. पोरकट वाटेल, पण लागू पडतं.

ओढ कोणाची, हे तपासायचं असेल तर अविनाशमध्ये नसलेल्या पण या मुलात असलेल्या तीन गोष्टी लिहून पाहा. एकही आठवली नाही तर तुम्हाला अविनाशच आवडलाय.

शेवटची_लोकल
ओढीबद्दल मान्य. राग मात्र सरसकट ब्लीडच्या खात्यावर टाकू नका. आधी काय ठरलं होतं ते आठवा. नॉर्वेकडच्या लार्पमध्ये "कुट" म्हटलं की खेळ थांबतो, "ब्रेम्स" म्हटलं की समोरच्यानं जरा आवरतं घ्यायचं. असा शब्द तुम्ही वापरला आणि तो रेटतच राहिला, किंवा न ठरलेला स्पर्श झाला, तर राग पात्राचा नाही, तुमचा आहे. मग चहा वगैरे नको, थेट आयोजकांशी बोला.

आणि डीब्रीफ, म्हणजे खेळ संपल्यावरचं एकत्र बसून बोलणं, झालं होतं का? कसं?

अर्धा_कटिंग
शब्द ठरले होते, मी वापरला नाही, त्यानंही काही ओलांडलं नाही. डीब्रीफला सगळे सोळा जण एका गोलात, वीस मिनिटं. दोघंतिघंच बोलले.

विंगेतला
मग तिथंच घोळ झाला. माणशी सव्वा मिनिट! गट चार-पाच जणांचे हवेत, प्रत्येकाला तीन मिनिटं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. त्याआधी पाणी आणि खाणं. उपाशीपोटी माणूस एक तर रडतो नाही तर भांडतो. जोडीदार खेळाडू त्याच गटात नको, नाहीतर गप्पांच्या नावाखाली पुढचा अंक सुरू होतो.

पोलकं_आणि_पदर
कोणाला लगेच बोलायचंच नसतं, तेही चालतं. पण भूमिका उतरवायला हवी. वंदनाची एखादी वस्तू हातात घ्या, तिच्याकडून काय ठेवून घेताय आणि काय परत करताय ते मोठ्यानं सांगा, मग वस्तू खाली ठेवा. खेळातलं मंगळसूत्र कुठंय?

अर्धा_कटिंग
पर्समध्ये. घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकलंय.

पोलकं_आणि_पदर
आज सोडवा. आणि आयोजकांना परत द्या, आठवण म्हणून ठेवू नका.