बिग ब्लॉक ४५४ : साडेचार हजार डॉलरात रस्त्यावरचं इंजिन. पार्ट सुचवा

खटारा_ह्यूस्टन
मंडळी, १९७९ची शेव्हरोले सी२० पिकअप आहे. आत ४५४ (शेव्हरोलेचं ४५४ घन इंचाचं मोठं व्ही८, म्हणजे बिग ब्लॉक) आहे, पण गाडीचं मूळचं नव्हे. आधीच्या मालकाने कुठल्या तरी ट्रकचं उचलून बसवलंय. इंजिन उघडून ठेवलंय. मागचं सील दोन तुकड्यांचं, मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागा मशीन केलेली, म्हणजे मार्क फोर, बिग ब्लॉकची जुनी पिढी. मेन कॅप दोन बोल्टचे. हेड पीनट पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा लहान. सिलिंडरला वरच्या अंगाला ९ थाऊ (इंचाचे हजारांश) झीज, त्यामुळे बोअर मारावाच लागेल. क्रँकचा एक रॉड जर्नल (कनेक्टिंग रॉड बसतो ती जागा) ओरखडलाय, बाकीचे ठीक.
वापर असा: शनिवार-रविवारची भटकंती आणि महिन्यातून दोनदा गॅल्व्हेस्टनला बोट ओढत न्यायची. ५००० आरपीएमच्या वर जायचं नाही. टीएच४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.७३. बजेट मशीन शॉप धरून ४५०० डॉलर. पिस्टन, कॅम, हेड, कार्ब काय घेऊ?

शून्य_ते_साठ
उघडलंच आहे तर ४५४ कशाला बांधताय? ४.२५ इंच स्ट्रोकचा क्रँक टाका, ६० थाऊ ओव्हर बोअर मारा, झालं ४९६. माझं तसंच आहे. अ‍ॅल्युमिनियम ओव्हल पोर्ट हेड, हायड्रॉलिक रोलर कॅम, ८५० सीएफएमचा (मिनिटाला घनफूट हवा) कार्ब. साडेनऊ हजारात पडलं. पाय ठेवला की मागची चाकं धूर काढतात.

खटारा_ह्यूस्टन
बजेट ४५००.

शून्य_ते_साठ
खर्च एकदाच होतो राव. आणि ६० थाऊला जाण्याआधी भिंतींची सॉनिक टेस्ट (जाडीची मोजणी) करून घ्या, सगळे ब्लॉक तेवढं झेलत नाहीत.

कोल्हापुरी_बुलेट
किती देते?

खटारा_ह्यूस्टन
गॅलनला दहा मैल. उतार असेल तर.

कोल्हापुरी_बुलेट
म्हणजे लिटरला चार किलोमीटर. बोट ढकलत नेलेली परवडेल.

काका_ट्रॉय
पिस्टन आधी मागवू नका. बहुतेकांची गोची इथेच होते. स्वस्त सेट दिसला की फ्लॅट टॉप (सपाट माथ्याचे) उचलतात आणि मग इंजिन मरगळलेलं का म्हणून विचारत फिरतात. आधी हिशेब बघा.
३० थाऊ ओव्हर म्हणजे बोअर ४.२८०, स्ट्रोक ४ इंच. एका सिलिंडरचा व्हॉल्यूम ९४३ सीसी. तुमच्या हेडचा चेंबर उघड्या प्रकारचा, तो ११९ सीसी धरा. गॅस्केट ४.३७० बोअर, ३९ थाऊ जाडी, तिचे ९.६. स्टॉक ६.१३५ इंच रॉड आणि १.६४५ कॉम्प्रेशन हाइटचा (पिनपासून माथ्यापर्यंतची उंची) पिस्टन वर आला तरी ९.८०० च्या डेकखाली (ब्लॉकची वरची सपाटी) २० थाऊ राहतो, त्याचे ४.७. फ्लॅट टॉपवरच्या व्हॉल्व्हच्या खाचांचे ३. बेरीज १३६.३. आता ९४३ अधिक १३६.३, भागिले १३६.३. उत्तर ७.९, हेच कॉम्प्रेशन.
तेच १८ सीसी डोमचा (फुगीर माथ्याचा) पिस्टन घेतला तर बेरीज ११५.३ आणि कॉम्प्रेशन ९.२. डेक फेस करून पिस्टन शून्यावर आणला तर ९.५. लोखंडी हेडला रस्त्यावर ९.२ भरपूर झालं.
आणि ११९ हा आकडा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, हेड पूर्वी कुणी कापलेलं असू शकतं. व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवा, चेंबरच्या कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी चिकटवा, हेड किंचित तिरकं ठेवा म्हणजे हवा भोकाकडे जाईल, आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडा. बुडबुडा संपला की आकडा वाचा. आठही चेंबर मोजा.

सातारकर_इन_एडिसन
काकांना अनुमोदन. चेंबर मोजा आणि पिस्टन नंतर घ्या. पण पीनट हेड फेकून द्या हो. पोर्ट एवढासा की दोन बोटं जेमतेम जातात. ७८१ किंवा ०४९ कास्टिंगची ओव्हल हेडं जुन्या बाजारात मिळतात. व्हॉल्व्ह २.०६ आणि १.७२, चेंबर साधारण तेवढाच.

ब्लॉकवाला_डॅलस
मिळतात, पण निम्मी फुटकी. मी ४०० ला जोडी घेतली, मॅग्नाफ्लक्सला (चुंबकाने चिरा शोधायची तपासणी) टाकली तर एका हेडला दोन सीटांच्या मधोमध केसाएवढी चीर. ४०० गेले. विकणारा तपासायला दोन दिवस देत नसेल तर हात लावू नका. चांगली निघाली तरी गाइड, सीट, स्प्रिंग धरून आणखी सहा-सातशे मोजा. तेवढ्यात नवी अ‍ॅल्युमिनियम येतात.

सातारकर_इन_एडिसन
सहा-सातशेत अ‍ॅल्युमिनियम? कुठे?

ब्लॉकवाला_डॅलस
चारशे अधिक सातशे म्हणतोय. त्यात अजून थोडे घातले की.

शून्य_ते_साठ
"थोडे" 😄

काका_ट्रॉय
अ‍ॅल्युमिनियम घेणार असाल तर पिस्टनचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. ११० सीसी चेंबर आणि १८ चा डोम म्हणजे ९.९. जुन्या बंद चेंबरच्या हेडांवर उघड्या चेंबरचा डोम टेकतो. डोमवर क्ले ठेवून हेड गॅस्केटसकट कसायचं, दोन फेरे हाताने फिरवायचं आणि क्ले कापून जाडी मोजायची. ज्यांनी मोजलं नाही त्यांच्या डोमवर चेंबरचा शिक्का उमटलेला असतो.

एलएसच_बरं
एवढा उपद्व्याप कशासाठी? भंगारातून ६.० लिटरचं एलएस (जीएमचं नंतरचं, इंजेक्शनवालं व्ही८) काढा, हार्नेस करा, विषय संपला. कार्ब नाही, टॅपेट नाही, कॅम घासण्याची भीती नाही.

क्वाड्राजेट_भक्त
आला! दर धाग्यात एक असतोच. माणूस विचारतोय ४५४ चे पार्ट.

एलएसच_बरं
बजेट तोच सांगतोय ना? माझं माउंट, पंप, हार्नेस धरून साडेतीन हजारात झालं.

क्वाड्राजेट_भक्त
टाकी, रिटर्न लाइन, गिअरबॉक्सचा अडॅप्टर, एक्झॉस्ट, हे धरून सांगा.

एलएसच_बरं
ते वेगळं.

ब्लॉकवाला_डॅलस
कॅमवर कोणीच बोलेना. कॅमवर घासणारे फ्लॅट टॅपेट लिफ्टर की चाकावर फिरणारे रोलर हे आधी ठरवा. मार्क फोरला रोलर घालायचा तर पट्टीने जोडलेले रेट्रोफिट लिफ्टर लागतात, शिवाय कॅम पुढे सरकू नये म्हणून थ्रस्ट बटण. कॅम-लिफ्टरचेच हजाराच्या वर जातात. फ्लॅट टॅपेट अडीचशे-तीनशेत होतो, पण पहिल्या वीस मिनिटांत चुकलात तर लोब गेला, आणि त्याचा चुरा तेलातून सगळ्या बेअरिंगमध्ये.

सातारकर_इन_एडिसन
माझा गेला होता. लोब क्रमांक ५. ऑइल फिल्टर कापून बघितला तर घड्यांमध्ये रुपेरी गाळ. तेव्हापासून रोलरशिवाय नाही.

काका_ट्रॉय
लोब आपोआप जात नाही. फ्लॅट टॅपेटचा तळ सपाट नसतो, किंचित फुगीर असतो, आणि लोबला बारीकसा उतार असतो. त्यामुळे लिफ्टर जागच्या जागी फिरत राहतो. फिरला नाही की एकाच जागी घासून खड्डा पडतो. म्हणून कॅम बसवल्यावर, मॅनिफोल्ड लावण्याआधी, इंजिन हाताने फिरवा आणि सोळाही लिफ्टर फिरतात का बघा. वर मार्करने रेघ मारली की कळतं. एखादा अडकत असेल तर लिफ्टरच्या भोकाची कड तपासा, तिथे बारीक बर असते.
लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला मॉलीची पेस्ट. डबल स्प्रिंग असतील तर आतल्या काढून ठेवा. सुरू झाल्याबरोबर २००० ते २५०० वर न्या आणि वीस ते तीस मिनिटं थोडं वरखाली करत ठेवा. आयडलवर सोडायचं नाही. म्हणून कार्बमध्ये गॅस (पेट्रोल) आधीच भरा, टाइमिंग आधीच बसवा. स्टार्टर मारत बसलात तर पेस्ट पुसली जाते. झिंक असलेलं ब्रेक-इन ऑइल घ्या, नंतर फिल्टर बदला आणि कापून बघा.

क्वाड्राजेट_भक्त
आणि प्राइम करा, म्हणजे सुरू करण्याआधी तेल सगळीकडे पोचवा. डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप उजवीकडे फिरवा. पण नुसती सळई घालून चालत नाही, कॉलर असलेलं टूल लागतं. कॉलर नसेल तर तेल डिस्ट्रिब्युटरच्या भोकातूनच खाली पळतं आणि लिफ्टरला जेमतेम पोचतं. क्रँक पाव-पाव फेरा फिरवत सोळाही रॉकरवर तेल आलेलं डोळ्याने बघा. गेजवर प्रेशर आलं म्हणून थांबू नका.

शून्य_ते_साठ
झिंक-बिंक जुन्या लोकांची अंधश्रद्धा. साध्या तेलावर चालतं.

सातारकर_इन_एडिसन
तुमचा रोलर आहे. तुम्हाला चालतं.

कोल्हापुरी_बुलेट
आमच्याकडे बुलेटचा बोअर मारतात तेव्हा पिस्टन लेथवाल्याच्या हातात देतात, पिस्टन मोजून बोअर. तिकडे उलटं आहे का?

काका_ट्रॉय
अगदी तेच. शाबास. खटारा, पिस्टन शॉपमध्ये नेऊन द्या, प्रत्येक पिस्टन मोजून होनिंग करायला सांगा, आणि टॉर्क प्लेट लावून. हेडचे बोल्ट कसले की बोअर वाकडा होतो, प्लेट लावली की तो वाकलेल्या अवस्थेतच गोल होतो.

ब्लॉकवाला_डॅलस
रिंगच्या तोंडातली फट विसरू नका. ४.२८ बोअरला साध्या पिस्टनवर इंचाला साडेचार थाऊ, म्हणजे १९. काही हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या ओतीव) पिस्टनांत वरची रिंग अगदी माथ्याजवळ असते, ती जास्त तापते. त्यांच्या डब्यातला कागद इंचाला साडेसहा थाऊ सांगतो, म्हणजे २८. "एवढी फट? कॉम्प्रेशन गळेल" म्हणून एका शॉपने माझं १९ वर ठेवलं. पहिल्या लांब चढाला रिंगची टोकं भिडली आणि पिस्टनची वरची लँड (रिंगच्या वरचा पट्टा) झाकणासारखी उचकटली. शॉपवाला म्हणे पिस्टनच खराब.

क्वाड्राजेट_भक्त
कार्बचं सांगतो. ४६० घन इंच, ५५०० आरपीएम, ८५ टक्के भरण धरलं तर साधारण ६२० सीएफएम लागतं. ८५० ची काही गरज नाही. क्वाड्राजेट (जीएमचा चार नळ्यांचा कार्ब) असेल तर तोच ठेवा, ७५० ला पोचतो, आणि प्रायमरी (आधी उघडणाऱ्या दोन नळ्या) लहान असल्याने रोजच्या चालीला गॅस कमी खातो. किट घ्या आणि बुडाच्या वेल प्लगला इपॉक्सी लावा, नाहीतर रात्रभरात फ्लोट बोल रिकामा.

सातारकर_इन_एडिसन
एक राहिलं. ४५४ बाहेरून बॅलन्स केलेलं असतं. क्रँकच्या पुढचा डँपर आणि मागची फ्लेक्सप्लेट ४५४ चेच हवेत. ३९६ किंवा ४२७ चा डँपर तसाच बसतो, पण इंजिन थरथरतं. आधीच्या मालकाने काय लावलंय ते बघा.

काका_ट्रॉय
बरोबर. आणि एक रॉड जर्नल ओरखडलाय म्हणालात, तर सगळेच रॉड जर्नल घासून १० थाऊ अंडर (बारीक) करा. बेअरिंग क्रँक परत आल्यावर घ्या. रॉडला नवे बोल्ट घातले की मोठं तोंड पुन्हा साइज करावं लागतं, शॉपला आधीच सांगा. क्लिअरन्स रॉडला आणि मेनला अडीच थाऊच्या आसपास. पंप साधाच. हाय व्हॉल्यूम पंप घेऊन काही मिळत नाही.

खटारा_ह्यूस्टन
सगळ्यांचे आभार. ठरलं. शिव्या घाला पण ऐका.
पीनट हेडच ठेवतोय. मॅग्नाफ्लक्स झालं, चीर नाही. चेंबर मोजले, ११८ ते ११९.५. पिस्टन फ्लॅट टॉप, डेक २० थाऊ कापून शून्यावर. कॉम्प्रेशन ८.२ येतंय. कॅम फ्लॅट टॅपेट, ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) ५० थाऊ लिफ्टवर इनटेक/एक्झॉस्ट २०४/२१४ अंश. लोखंडी मॅनिफोल्ड आणि क्वाड्राजेट तेच.
हिशेब: मशीन शॉप १४५०, पिस्टन-रिंग ५२०, बेअरिंग १९०, गॅस्केट १४०, कॅम-लिफ्टर-चेन ४१०, पंप ७०, हेडचं काम नव्या स्प्रिंगसकट ५६०, पुशरॉड ११०, कार्बचं किट ६०. एकूण ३५१०. उरलेल्या ९९० त रेडिएटर आणि फॅन क्लच.

शून्य_ते_साठ
८.२? बिग ब्लॉकला? 🙏

काका_ट्रॉय
माझा सल्ला अजूनही डोमचाच. किंमतीत शंभरएक डॉलरचाच फरक आहे आणि खालच्या आरपीएमला जाणवेल एवढा टॉर्क जातोय.

खटारा_ह्यूस्टन
काका, पटतंय. पण ऑगस्टमध्ये मागे बोट, वर एसी आणि टाकीत ८७ ऑक्टेन. ९.२ ला लोखंडी हेड तिथे खडखडणार (नॉकिंग), मग टाइमिंग मागे घ्या नाहीतर ९३ भरा. गॅलनला दहा मैलांच्या गाडीत मी ९३ भरणार नाही.

काका_ट्रॉय
टाइमिंग मागे घेतलं तर डोमचा फायदा तिथेच जातो, हे खरं. ठीक. मग एकूण टाइमिंग ३६ अंश ३००० आरपीएमच्या आत येऊ द्या, व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स वेगळा. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सातच्या वायरी चिकटून नेऊ नका.

सातारकर_इन_एडिसन
डेक कापलाय, मॅनिफोल्ड बसवताना बोल्ट सरळ जातात का बघा. बोल्टने ओढून बसवू नका. पुढच्या-मागच्या कडेला कॉर्कची पट्टी फेकून सिलिकोनची जाड रेघ मारा. पीनट हेड ठेवल्याबद्दल मात्र निषेध.

एलएसच_बरं
९९० उरले म्हणे. माझ्याकडे जास्तीचं ६.० पडलंय.

खटारा_ह्यूस्टन
पुशरॉडच्या डब्यात दोन लांबीचे आलेत. आठ आखूड, आठ लांब. चुकून दुसरं काही पाठवलं का?

क्वाड्राजेट_भक्त
नाही, बरोबर आहे. बिग ब्लॉकला असेच असतात. आखूड इनटेकचे, लांब एक्झॉस्टचे.

काका_ट्रॉय
आणि लिफ्टर लोबच्या उंचवट्यावर नसताना, कॅमच्या गोल भागावर असतानाच अ‍ॅडजस्ट करा. बोटांत पुशरॉड वरखाली हलायचा थांबला की शून्य, तिथून अर्धा फेरा. गोल फिरायला जड होईपर्यंत नट आवळत बसू नका, कोरड्या लिफ्टरवर फसगत होते.