वाचनालयात नवीन पुस्तक शोधता कसं तुम्ही लोक?

दातखीळ:
मंडळी, बावळट प्रश्न आहे, हसू नका. वीसेक वर्षांनी परत लायब्ररी लावलीय. घरापासून पाच मिनिटांवर, डिपॉझिट ५००, महिन्याला ६० रुपये, एक पुस्तक एक मासिक. लहानपणी आईबरोबर पुस्तक बदलायला जायचो तेव्हा हे असं काही व्हायचं नाही, पण आता काउंटरवरच्या काकू "काय हवंय?" विचारतात आणि माझं तोंडच उघडत नाही, कारण काय हवंय तेच माहीत नसतं! कपाटं आत, आपल्याला आत सोडत नाहीत, बाहेर एक कळकट यादी आहे ती पण दाखल नंबरने, पुस्तकं ज्या क्रमाने आली तशी, म्हणजे कादंबरीच्या खाली सरळ मूळव्याधीवर घरगुती उपाय. मागे रांगेत कुणीतरी सुस्कारे टाकत असतं म्हणून घाईत जे नाव आठवेल ते सांगून मोकळा होतो, आणि असं करत तीनदा आधीच वाचलेलं पुस्तक घरी घेऊन आलोय. मोबाईलवर शोधावं तर एकदा लोणच्यांचं पुस्तक घेतलं, आता दोन महिने झाले मला फक्त लोणचीच दाखवतायत. काहीतरी युक्ती सांगा.

सावानावाली:
अरे परत आलेला ढीग मागायचा! लोकांनी त्या दिवशी परत केलेली, अजून कपाटात न गेलेली पुस्तकं काउंटरच्या कडेला पडलेली असतात ना, ती. माझा सगळा शोध तिथेच लागतो. आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला गावात सगळे सावाना म्हणतात, १८४० सालचं आहे, पणजोबांपासून घरात मेंबरशिप, आणि आजीची शिकवण हीच की यादी बघू नको, ढीग बघ, कारण त्यातलं प्रत्येक पुस्तक कुणीतरी घरी नेऊन आठ दिवस उशाशी ठेवून आणलेलं असतं. एकदा रहस्यकथा मागायला गेले आणि ढिगात खाली पाणाड्यांवरचं पुस्तक निघालं. नारळ तळहातावर धरून विहिरीची जागा सांगणारी माणसं! मी स्वतःहून जन्मात मागितलं नसतं. समासात कुणीतरी पेन्सिलीने "थापा" लिहिलेलं आणि खाली दुसऱ्या अक्षरात "आमच्या शेतात पाणी लागले आहे." त्या दोघांचं भांडण पुढे चार पानं चाललंय. पुस्तकापेक्षा तेच जास्त चवीने वाचलं मी.

पीडीएफप्रेमी:
एवढा व्याप कशाला, सगळं फोनवर मिळतं आता.

सावानावाली:
@पीडीएफप्रेमी लोणची पण मिळतात 😄

ड_वर्ग:
काउंटरच्या आतल्या बाजूने बोलतो. गावातलं छोटं वाचनालय चालवतो, ग्रंथपाल मीच, शिपाई मीच, झाडू पण मीच. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सार्वजनिक वाचनालयांना अ ब क ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान, आम्ही शेवटचे. तपासणीला नोंदवहीप्रमाणे पुस्तकं दाखवावी लागतात, एकटा माणूस दारावर बसणार की कपाटांवर लक्ष ठेवणार, म्हणून आत सोडत नाहीत बऱ्याच ठिकाणी, राग मानू नका. आता युक्ती. "काहीतरी चांगलं द्या" असं म्हणू नका, त्याला आमच्याकडे उत्तर नसतं. गेल्या वेळचं कुठे सोडलंत ते सांगा. "पन्नास पानांत नायिका अकरा वेळा रडली" एवढं म्हणालात तरी मला बरोबर कळतं कुठल्या कपाटाकडे जायचं. आणि संध्याकाळी सातला येऊ नका हो, तेव्हा सगळं गाव येतं. सकाळी उघडल्या उघडल्या या, तेव्हा आम्हाला पण बोलायला कुणीतरी हवं असतं.

कंदील_फराळ:
+१. शिवाय दिवाळीपर्यंत थांबा. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, एकदा भरली की दोन तीन महिने अंक बदलत राहायचे. आवडलेल्या लेखकांची नावं वहीत उतरवून ठेवायची, पुढचं वर्षभर काउंटरवर तोंड उघडतं. मी पाचवीपासून हेच करतोय, वह्या तीन झाल्या.

दातखीळ:
अपडेट. मंगळवारी सकाळी गेलो, काकूंना सांगितलं गेल्या वेळचं फार रडकं होतं, तर त्या चक्क हसल्या, म्हणाल्या मलाही नाही आवडलं ते. मग ढीग पुढे सरकवला. एका रेल्वे गार्डच्या आठवणी घेतल्या, खाकी बाइंडिंग, बाइंडरने कडा इतक्या कापल्यात की ओळीचं शेवटचं अक्षर अंदाजाने वाचायचं. मागच्या तारखांच्या पट्टीवर शेवटचा शिक्का गेल्या महिन्यातला आणि त्याच्या आधीचा थेट १९९७ चा! आता मला पुस्तकापेक्षा तो गेल्या महिन्यातला माणूस कोण हे कोडं पडलंय. ६२ व्या पानावर बसचं तिकीट पण ठेवलंय त्याने, तिथेच ठेवलंय मी. घाटातली मालगाडी मागे घसरायला लागते तिथपर्यंत आलोय, मुदत उद्या संपते. फोनवर वाढवून देतात का?

ड_वर्ग:
देतात, दाखल नंबर सांगा फक्त. कुणी नंबर लावला असेल तर नाही देत, पण ती पट्टी बघता रांग असेल असं वाटत नाही 😀