मदत हवी आहे: शेकरूच्या रेट्रो टीशर्टची प्रिंट दोन धुण्यांत तडकली (अर्जंट)

रानवाट_ठाणे
आमचा ट्रेकचा ग्रुप वन्यजीव सप्ताहात, २ ऑक्टोबरला, भीमाशंकरला वाटेवरचं प्लास्टिक गोळा करायला जातोय आणि सगळ्यांना एकसारखा टीशर्ट हवाय, जुन्या पोस्टरसारखा, मागे डोंगर पुढे शेकरू खाली 'रान राखा'. प्रिंटवाल्याने दिलेलं सँपल हाताला रबरी चटईसारखं लागतं आणि दोनदा धुतल्यावर शेपटीवर तडे गेले. तो म्हणतो रेट्रो असंच दिसतं. मला विटका लुक हवाय, तडे नकोत. काय सांगू त्याला? उद्या ऑर्डर द्यायचीय.

कोथरूडकर
कापड कुठलं, रंग कुठला, किती नग, प्रिंट स्क्रीनची (जाळीतून शाई दाबून) की डीटीएफ?

रानवाट_ठाणे
साधा गोल गळ्याचा हो. ४० नग. प्रिंट मशीनवर केली त्याने.

स्क्रीनवाला
मशीनवर म्हणजे काहीही असू शकतं. कडेला नखाने उचलून बघा, कातडीसारखी सुटत असेल तर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून गोंदाच्या पावडरीने चिकटवलेली. एवढा मोठा भरीव तुकडा छातीवर असला की चढणीला घाम आत कोंडतो. आणि स्क्रीन असेल तर भट्टी कमी पडलीय, प्लॅस्टिसॉल म्हणजे प्लास्टिकची शाई आतपर्यंत साधारण १६० डिग्रीला तापावी लागते, वरून सुकली दिसते पण ताणली की फाटते. मी २२ वर्षं हेच काम करतोय, पिगमेंट प्रिंट करून घ्या. शाई धाग्यात मुरते, हाताला लागत नाही, धुता धुता फिकी होते पण तडकत नाही.

कोथरूडकर
गडद कापडावर पिगमेंट दिसत नाही दादा. त्यांनी रंग अजून सांगितलाच नाहीये.

रानवाट_ठाणे
बॉटल ग्रीन. टीशर्ट घेऊन झालेत.

स्क्रीनवाला
मग डिस्चार्ज. कापडाचा मूळ रंग उडवून त्या जागी नवा बसतो.

कोथरूडकर
ते फक्त सुतीवर, आणि तेही कापडाचा डाय (रंग) उडणारा असेल तरच. लेबल वाचा आधी.

रानवाट_ठाणे
६० कॉटन ४० पॉलिएस्टर.

कोथरूडकर
म्हणजे डिस्चार्ज गेलं.

भटकी_नाशिक
भीमाशंकरला शिडी घाटाने चढणार का? सप्टेंबरअखेर तिथे कातळ शेवाळलेला असतो, नवखे असतील तर गणेश घाटानेच न्या.

रानवाट_ठाणे
गणेश घाटच ताई. टीशर्टचं बोला ना कोणीतरी.

हिरडा
डिझाइन टाका इथे.
(फोटो बघून) अहो ही शेकरू नाहीच! ही अमेरिकेतली राखाडी खार आहे, हातात ओकचं फळ, मागे पाइनची झाडं. कुठल्या तरी तयार चित्रातून उचललंय. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, आपला राज्यप्राणी आहे तो, त्याच्याच जंगलात परदेशी खार छातीवर लावून जायचं हे मला बघवत नाही. शेकरू पाठीवर विटकरी-तांबूस, पोटाला आणि शेपटीच्या टोकाला फिकी, शेपटीसकट जवळपास ३ फूट. जमिनीवर क्वचितच उतरते, ह्या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत जाते, म्हणून तर सलग झाडोरा राहायला हवा, मधली झाडं तुटली की तिची वाटच तुटते. फांदीवर आडवी, शेपूट खाली सोडलेली अशी काढा. आणि डोंगर टोकदार नको, सह्याद्रीचे थर थर असलेले कडे काढा.

सिअ‍ॅटलवासी
पाइन कुठून आले सांगतो. १९३८ ते १९४१ मध्ये इथल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी सरकारी योजनेतून पोस्टरं छापली गेली, बरीच रेट्रो टीशर्टं त्यांच्याकडे बघून करतात. तीही सिल्कस्क्रीनवरच छापलेली, एका रंगाला एक स्क्रीन, म्हणून रंग मोजके आणि सपाट. पाइन सोडा, पद्धत तेवढी घ्या.

पुनर्वापर
४० नवे टीशर्ट कशाला? प्रत्येकाने घरचा जुना आणावा, त्यावरच छापा. रान राखायचं म्हणता आणि नवं पॉलिएस्टर घेता, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात.

स्क्रीनवाला
४० वेगवेगळी कापडं म्हणजे प्रत्येकाला भट्टीचं सेटिंग वेगळं, कोणी करणार नाही.

पुनर्वापर
आम्ही केलंय. एका रंगात होतं.

कोथरूडकर
घेतलेत ते घेतलेत, टाकून काय देणार आता. रानवाट, ऐका. शेकरूला मुळात दोनच रंग लागतात, विटकरी आणि क्रीम. मागची झाडं-पानं, सावली काहीच छापू नका, टीशर्टचा हिरवा तसाच मोकळा सोडा, तेच जंगल. दोन स्क्रीन, शाई कमी, चटईचा प्रश्न निम्मा सुटतो. पांढरा बेस (रंगाखालचा थर) फक्त शेकरूखाली, एकच पातळ हात. पॉलिएस्टरचा रंग शाईत चढतो म्हणून लो ब्लीड शाई मागा, आणि विटका लुक स्क्रीनमध्येच बारीक ठिपके सोडून आणायला सांगा.

स्क्रीनवाला
हे बरोबर. एकच नग काढून घ्या आधी, ताणा, तीनदा धुवा, मगच बाकीचे.

रानवाट_ठाणे
दोन रंगांचं मला सुचलंच नव्हतं. ऑर्डर थांबवली. हिरडा, फांदी कुठल्या झाडाची काढू?

हिरडा
जांभूळ काढा, पानं सोपी आहेत. उद्या माझे फोटो टाकतो, शेपटीचा बाक त्यात नीट दिसतो.