मदत हवी आहे: ऑनलाइन लिलावातून चांदवडी रुपया घ्यायचा आहे, फसगत कशी टाळू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहतो. आमच्या अप्पांना यंदा ७५ वर्षं पूर्ण होताहेत. त्यांचं लहानपण चांदवडला गेलं, रंगमहालाजवळ. आजीच्या गळ्यात एक माळ होती, तिच्यात दोन चांदवडी रुपये, म्हणजे चांदवडच्या टाकसाळीत पाडलेले जुने चांदीचे रुपये, ओवलेले. १९७२ च्या दुष्काळात ती माळ मोडली. अजूनही विषय निघाला की अप्पा अंगठा आणि तर्जनी जुळवून "एवढा जाड होता" असं दाखवतात. त्यांच्या हातावर तसा एक रुपया ठेवावा, एवढीच इच्छा आहे.

मोबाइलवरच्या एका ग्रुपवर रोज रात्री ९ ते १० नाण्यांचा लिलाव चालतो. फोटो येतो, खाली बोली लावायची, १० वाजता ज्याची बोली वर त्याचं नाणं. एक चांदवडी रुपया २,६०० पर्यंत गेलाय. विक्रेता म्हणतो, निम्मे पैसे आधी टाका, क्यूआर पाठवतो. नाणं कुठलं विचारलं तर "शेतात हंडा सापडला होता त्यातलं, एकदम अस्सल".

गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी शिवराईसाठी १,८०० रुपये पाठवले होते. पाकिटातून काहीही न वाचता येणारा तांब्याचा तुकडा निघाला आणि माझा नंबर ब्लॉक झाला. तेव्हापासून धाकधूक आहे.

आणखी एक. याच विक्रेत्याने गेल्या महिन्यात विकलेल्या चांदवडीचा फोटो शोधून शेजारी ठेवून पाहिला. दोन्हींवर डाव्या कडेला, एकाच अक्षराजवळ, तांदळाच्या कणीएवढा खळगा. वरची ओळही दोन्हीकडे सारखीच कापलेली. हे असं असतं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

पैसे पाठवू नका. तुम्ही बरोब्बर जागी बोट ठेवलंय.

हे रुपये हाताने पाडलेले. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा भाग उमटतो. मजकूर फारसी, शाह आलम बादशहाच्या नावाचा. टाकसाळीचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर' (चांदोर म्हणजे चांदवड), पण ते अख्खं एका नाण्यावर मिळणं मुश्कील. ठशातला दोष एक वेळ दोन नाण्यांवर येईल. पण कापलेली ओळसुद्धा तीच? म्हणजे एका नाण्यावरून साचा करून ही दोन्ही ओतलेली आहेत.

पुढच्या वेळी तीन गोष्टी मागा: काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो (वजन ११ ग्रॅमच्या आसपास हवं), कडेचा फोटो आणि उजेडात फिरवून काढलेला व्हिडिओ. ओतीव नाण्याच्या कडेला बऱ्याचदा शिवण दिसते, भिंगाखाली सुईच्या टोकासारखी छिद्रं दिसतात. सराफ बाजारात दाखवलंत तर चांदी आहे का ते कळेल, पण चांदी असली म्हणजे नाणं जुनं असं नाही. नकलाही चांदीच्या निघतात. उलट जुन्या रुपयावर सराफांनी पारखताना मारलेल्या बारीक खुणा असतात, त्यांना डाग समजू नका.

शिवाय तुम्ही नाशिकचे! त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. एक दुपार काढून अस्सल नाणी डोळे भरून बघा. फोटोवरून शिकून जे येत नाही ते तिथे येतं.

प्रतिसाद २

हंड्याची गोष्ट खोटी असली तर फसवणूक, खरी असली तर जास्तच भानगड. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. १०० वर्षांपेक्षा जुन्या नाण्यांचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो. तो आहे का, सरळ विचारा.

नाण्यांच्या लिलाव संस्थांकडे नोंदणी करून घ्या. तिथे छापील अटी असतात. नाणं नकली निघालं तर परत घेणार का, किती दिवसांत, हे आधी वाचा. बोलीच्या रकमेवर संस्थेचं कमिशन, त्यावर जीएसटी आणि टपाल लागतं, ते धरूनच आकडा ठरवा. बहुतेक ठिकाणी कमाल बोली आधी भरून ठेवता येते. ती भरून झोपून जा. शेवटच्या मिनिटाला हात शिवशिवतात आणि माणूस दीडपट देऊन बसतो.

कधी पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा. गेल्या वर्षी केला होता का?

धागाकर्ता

नव्हता केला. लाज वाटली म्हणून घरातही सांगितलं नव्हतं. चूक झाली.

दोघांचे मनापासून आभार. काट्यावरचा फोटो आणि परवाना दोन्ही मागितलं. आधी "दुसरा घेणारा तयार आहे" आणि मग मला ग्रुपमधून काढलं. काल मुलीला घेऊन अंजनेरीला जाऊन आलो.

आता एका संस्थेत नोंदणी केलीय. त्यांच्या पुढच्या लिलावात तीन चांदवडी आहेत. दोन स्वच्छ, आणि तिसऱ्याच्या वर्णनात "दागिन्यातून काढलेला, वरच्या कडेला कडी झाळून जोडल्याची खूण" असं लिहून सुरुवातीची किंमत कमी ठेवलीय. संग्राहकांना तो नकोसा असणार हे समजतं. पण आजीच्या माळेतल्या रुपयांनाही अशाच कड्या होत्या, आणि मला तोच हवाय. कमिशन, जीएसटी धरून २,२०० च्या वर जायचं नाही असं ठरवलंय. अशा नाण्याला एवढे पुरतील का?