प्रीमियर लीग २०२५-२६: वर आलेले तिघे पुन्हा खालीच जाणार?

ऑफसाइड_अण्णा:
हंगाम तोंडावर आलाय आणि जो तो लिव्हरपूलने नव्याने घेतलेल्या विर्ट्झवर बोलतोय. मला तळाची उत्सुकता जास्त. इंग्लंडच्या या अव्वल लीगमधल्या वीस संघांतले शेवटचे तीन दरवर्षी खाली चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या दर्जात जातात आणि तिथले तीन वर येतात. २०२३-२४ मध्ये ल्युटन, बर्नली, शेफिल्ड युनायटेड वर आले आणि तिघेही त्याच वर्षी खाली गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन, तीच गत. साउदॅम्प्टनचे ३८ सामन्यांत १२ गुण! तिघांचे मिळून ५९. अठरावं लेस्टर २५ वर, सतरावं स्पर्स (टॉटनहॅम) ३८ वर (तेही युरोपा लीग ही युरोपातली स्पर्धा जिंकून, काय म्हणावं यांना). मधली १३ गुणांची दरी बघा. आता लीड्स, बर्नली, संडरलँड आलेत. माझं मत, तिघेही जातात. मे महिन्यात धागा वर काढा खुशाल.

लेफ्टबॅक:
अण्णा, दोन वर्षांवरून लगेच नियम? २०२२-२३ मध्ये फुलहॅम, बोर्नमथ, फॉरेस्ट तिघेही टिकले होते. शिवाय तुमचाच आकडा उलटा वाचा. लेस्टर २५ वर गेलं, म्हणजे सतराव्या संघाला वाचायला २६ पुरले असते. चाळीस गुण हवेतच हे पालुपद कधीच जुनं झालं. लीड्स आणि बर्नली दोघांनी चॅम्पियनशिपमध्ये १०० गुण काढलेत. बर्नलीने ४६ सामन्यांत गोल खाल्ले फक्त १६. सोळा!

ऑफसाइड_अण्णा:
वर आलेल्या तिघांपैकी ते २६ सुद्धा कुणाला जमले नाहीत, हेच तर म्हणतोय. आणि १०० गुणांचं कौतुक मला सांगू नका. याच बर्नलीने २०२२-२३ ला प्रशिक्षक कोम्पनीच्या हाताखाली १०१ केले होते. पुढच्या वर्षी वर येऊन २४. सोळाच गोल खाणारी भिंत म्हणता, तिच्यातला गोलकीपर ट्रॅफर्ड मँचेस्टर सिटीला गेला, ईगन-रायली मार्सेला. विटा विकून झाल्या, आता भिंत कसली? बर्नलीचा प्रशिक्षक पार्कर, त्याचं बोर्नमथमध्ये काय झालं तेही आठवा. संघ वर आणला, लिव्हरपूलकडून ०-९ खाल्ले आणि त्याच आठवड्यात नारळ.

पिवळं_कार्ड:
बर्नलीबद्दल अण्णांशी सहमत. लीड्सचंही अवघडच दिसतंय. त्यांचा प्रशिक्षक फार्के, त्याने नॉर्विचला दोनदा वर आणलं. एकदा तळाला राहून खाली गेले, दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्येच त्याला काढलं.
पण सगळा दोष प्रशिक्षकांच्या माथी मारू नका, हिशेबच वाकडा आहे. या हंगामाच्या नियमाने तीन वर्षांत १०.५ कोटी पौंड तोटा चालतो म्हणतात, तो मुरलेल्या क्लबांना. चॅम्पियनशिपमध्ये काढलेल्या प्रत्येक वर्षाला ३.५ कोटींऐवजी १.३ कोटीच धरतात. म्हणजे तीनपैकी दोन वर्षं खाली काढलेल्या लीड्सला मर्यादा ६.१ कोटींची. वरच्या दर्जाचा संघ उभारायचा, पण खालच्या दर्जाच्या खिशातून. घसरलं की पॅराशूटचे पैसे (खाली गेलेल्या क्लबला लीगकडून मिळणारा आधार) मिळतात, त्यावर पुन्हा वर यायचं आणि पुन्हा पडायचं. तेही सगळ्यांना साधत नाही. ल्युटन तर त्या पैशांसकट लागोपाठ दुसऱ्या वर्षी घसरून तिसऱ्या दर्जात पोहोचलं.

लेफ्टबॅक:
हिशेब मान्य. पण मग संडरलँडचं नाव कुणीच का घेत नाही?

ऑफसाइड_अण्णा:
घेण्यासारखं काय आहे? ७६ गुण, चौथा नंबर, लीगचे शेवटचे पाच सामने ओळीने हरून प्ले-ऑफला, म्हणजे वर जायच्या तिसऱ्या जागेसाठीच्या बाद फेरीला. अंतिम सामन्यात वॉटसनने ९५व्या मिनिटाला गोल करून वाचवलं, आणि तोही ब्रायटनला जायचं ठरवून बसलेला. वर ज्यूड बेलिंगहॅमचा भाऊ जोब डॉर्टमुंडला विकला. खाली जाण्यात पहिला नंबर यांचाच.

लेफ्टबॅक:
इथेच चुकताय. लीड्स-बर्नलीला १०० गुणांमुळे वाटू शकतं की आपला खेळ इथेही चालेल. संडरलँडला तो भ्रम नाही. २४ गुणांनी मागे राहून आलेत, म्हणून अर्धा संघच बदलताहेत. स्त्रासबूरचा दियारा आणला, ब्रायटनचा अडिंग्रा आणला. आणि झाका! लेव्हरकुसेन २०२४ ला एकही सामना न हरता बुंडेसलीगा (जर्मनीची अव्वल लीग) जिंकलं, तेव्हा मधली फळी त्याच्याभोवती फिरत होती. असा माणूस वर आलेल्या संघात शेवटचा कधी पाहिलात?

पिवळं_कार्ड:
तो ३२ चा आहे, एवढंच सांगतो. आणि अर्धा संघ बदलायचा डाव गेल्या वर्षी साउदॅम्प्टननेही खेळून पाहिला. तिकडे १२ गुण आले.

लेफ्टबॅक:
फॉरेस्टनेही २०२२ ला नव्या खेळाडूंची अशीच रांग लावली होती. सगळे हसले, टिकले तेच. आणि संडरलँड २०१७ ला इथून पडला, पुढच्याच वर्षी तिसऱ्या दर्जात गेला, चार हंगाम तिथे काढले. घाबरायचं काय ते घाबरून झालंय.

ऑफसाइड_अण्णा:
भावनेवर गुण मिळत नाहीत हो. पण झाकाचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, तेवढं मान्य. बदल करतो: बर्नली विसावं, लीड्स एकोणिसावं, संडरलँड २९ गुणांवर अठरावं.

लेफ्टबॅक:
मी संडरलँडला ४० गुण देतो. १६ ऑगस्टला घरच्या मैदानावर वेस्ट हॅम आहे, त्यातले विजयाचे तीन आधीच धरलेत.

पिवळं_कार्ड:
दोन्ही आकडे लिहून ठेवले. नंतर संपादन करून बदलायचे नाहीत, अण्णा.