चर्चा: ७-० चं पालुपद आणि आमच्या गोलकीपरचे पायमोजे

बालाघाटची मास्तरीण
काल एका दादांनी टाकलेली पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रविवारी, २ नोव्हेंबर २०२५ ला, नवी मुंबईत पोरींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, ते ठीक. पण लगेच "आता फुटबॉलच्या पोरींकडंही बघा" म्हणणाऱ्यांना दादा विचारतात, कशाला बघायचं? ऑस्ट्रेलियाचा बायकांचा राष्ट्रीय संघ २०१६ साली शाळकरी पोरांकडून ७-० हरला, हा यांचा दर्जा. आणि शेवटी उपदेश: पोरींनी खेळावं, पण समानतेचा झेंडा घेऊन खेळू नये. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

रात्री उत्तर लिहिलं आणि खोडलं. सकाळी ती रांग आणखी वाढलेली दिसली, म्हणून आता सविस्तरच लिहिते.

७-० खरं आहे. न्यूकॅसल जेट्स क्लबची पोरं होती, सरावाचा सामना होता. पुढं? जत्रेतल्या फडावरसुद्धा जोड बघून कुस्ती लावतात. ५७ किलोवाल्यापुढं १२५ किलोचा उभा करून "बघा, हा काही पैलवान नाही" असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर फडावरचे म्हातारे हाकलून देतील.

आता दर्जा. जुलैत आपल्या पोरींनी थायलंडला त्यांच्याच घरी, चियांग माईत, २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. हा थायलंड दोन विश्वचषक खेळलेला. १९८३ साली बँकॉकला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात आपल्याला हरवणारा पण तोच. पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठायची भारतीय पोरींची ही पहिलीच वेळ. आणि आपले पुरुष? गेल्या महिन्यात मडगावात, म्हणजे आपल्या घरी, सिंगापूरकडून हरून आशिया चषकाच्या बाहेर. त्यावर दादांची पोस्ट मी शोधली. सापडली नाही.

राहिली झेंड्याची गोष्ट. माझी शाळा डोंगरपट्ट्यात. मैदान म्हणजे मुरूम. आमची गोलकीपर दोन्ही हातांत बापाचे पायमोजे घालून उभी राहायची, कोपरं सोलू नयेत म्हणून बाहीच्या आत जुन्या गोधडीचे तुकडे. सुब्रतो चषकाला, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला, तालुक्यात मुलींचे तीनच संघ, त्यामुळं एक सामना जिंकला की जिल्हा. आम्ही जिंकलो. गेल्या दिवाळीनंतर पुढच्या एका स्पर्धेचा सामना होता शुक्रवारी, आणि ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक गुरुवारी रात्री निघाला. मुकादमाची उचल घेतलेली, आईबाप उसाच्या फडावर, पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? ट्रकच्या हौद्यात बसताना तिनं पायमोजे माझ्या हातात दिले. म्हणाली, मॅडम, शुक्रवारी लागतील.

आता सांगा दादा, ह्यात समानतेचा झेंडा कुठं आहे ते.

औसेकर
पोस्ट माझीच आहे, "एका दादांनी" म्हणायची गरज नाही. ताई, गोष्ट चांगली लिहिली, डोळ्यात पाणी आणलं. पण मुद्दा टाळलात. मी ऊसतोडीवर लिहिलं नव्हतं. बघणाऱ्याला काय मिळतं हा प्रश्न आहे. तिकीट काढणारा माणूस खेळ बघायला येतो, दया करायला नाही. माणसं येईनात म्हणून पैसा नाही, एवढा साधा हिशेब आहे.

सिडको एन-७
माणसं येईनात? १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलला गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार माणसं होती. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव करून बायकांना आपली मैदानं बंद केली, हा खेळ बायकांना योग्य नाही म्हणे. ती बंदी पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९. आधी दुकानाला कुलूप लावायचं आणि मग म्हणायचं, हिच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. आणि कुलूप निघाल्यावर काय झालं? २०२२ साली बार्सिलोनात बायकांच्या सामन्याला ९१ हजारांच्या वर माणसं. दया करायला आली होती का ती सगळी?

औसेकर
बार्सिलोनाचं औशाला सांगू नका. औशात पोरांच्या सामन्यालाही वीस माणसं नसतात.

भरतीवाला
मी मधी बोलू का. मी बीडचा, पोलीस भरतीची तयारी करायलोय. आमच्या ग्राउंडवर पोरीपण येतात, ८०० मीटरची तयारी करायला. ट्रॅक पँट, टी-शर्ट, पहाटे पाचला. गावातलं एकही म्हातारं काही म्हणत नाही, उलट बाप मोटरसायकलवर सोडायला येतो. त्याच पोरीनं उद्या फुटबॉल धरला की तोच बाप म्हणतो, लोक काय म्हणतील. म्हणजे कपड्याचा प्रश्नच नाही. पळण्याच्या पलीकडं नोकरी दिसते, चेंडूच्या पलीकडं काही दिसत नाही. औसेकर सर बरोबर म्हणायलेत, पदरात काय पडतं ते बघतात लोक.

लेकीची माय, जालना
कपड्याचा प्रश्न नाही म्हणता? माझ्या पोरीला शाळेच्या संघात घेतलं तेव्हा तिच्या चुलत्यानं घरी येऊन तासभर फक्त चड्डीवर भाषण दिलं. चहा दोनदा घेतला. चेंडूचा आकार तरी माहीत आहे का विचारावंसं वाटलं होतं. शेवटी तडजोड अशी झाली की आत लेगिंग घालायची. उन्हाळ्यात, ४२ अंशात, लेगिंग. ती चक्कर येऊन पडली तेव्हा तेच भाऊजी म्हणाले, सांगितलं होतं ना, पोरींना झेपत नाही.

सिडको एन-७
गंमत बघा. २००४ साली फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर जाहीरपणे म्हणाले होते की बायकांनी जरा तंग चड्ड्या घालाव्यात, म्हणजे खेळ लोकप्रिय होईल. त्यांना तंग हवी, भाऊजींना लांब हवी. चेंडू कुठं गेला ते दोघांनाही माहीत नाही.

औसेकर
मी चड्डीवर एक शब्द लिहिला नव्हता हे नोंदवून ठेवावं.

खो-खोवाला, धाराशिव
तुमचं चालू द्या क्रिकेट आणि फुटबॉल. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पोरींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. आमच्या धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला २०२० ला. या ग्रुपवर किती जणांनी स्टेटस ठेवलं होतं? मी मोजलं होतं. चार. त्यात एक मी आणि एक माझा मेहुणा. मातीतला खेळ, खर्च शून्य, पोरी जगज्जेत्या, आणि चर्चा कशाची? संगीता बासफोरची.

बालाघाटची मास्तरीण
खो-खोबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण एका पोरीचं कौतुक झालं म्हणून दुसरीचं कमी होतं का? ताटात एकच भाकरी असल्यासारखं भांडू नका.

खो-खोवाला, धाराशिव
ताटात एकच भाकरी आहे ताई. तालुक्याला येणारा क्रीडा निधी बघा म्हणजे कळेल.

गोदाकाठ, नांदेड
निधी! आत्ता मुद्द्यावर आलात. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून साडेएकवीस कोटींचा अपहार झाल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये उघडकीस आलं, आरोप कुणावर, तर महिना १३ हजारांवर असलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यावर. साडेएकवीस कोटींत किती पायमोजे येतात, मास्तरीणबाई?

सिडको एन-७
ते संकुल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. बातमी आली त्या दिवशी मी तिथंच फिरायला गेलो होतो.

गोदाकाठ, नांदेड
आणि त्याच्याही आधीचं दुखणं, क्रीडा विद्यापीठ. आधी आपल्याकडं, संभाजीनगरजवळ करोडीला होणार म्हणून गाजलं. झालं कुठं? पुण्यात बालेवाडीला. ते इथं झालं असतं तर आज ह्या पोरींना प्रशिक्षक मिळाले असते, डोंगरपट्ट्यात सुद्धा.

पिंपरीवासी लातूरकर
विद्यापीठ तिथंच होणार जिथं मैदानं आधीच आहेत. बालेवाडी तयार होती. करोडीला माळ होता. दर वेळी "पळवलं, पळवलं" म्हणून रडायचं बंद करा.

गोदाकाठ, नांदेड
पुण्यात बसून बोलणं सोपं आहे. माळ होता म्हणूनच द्यायचं होतं ना! बालेवाडी जन्मतःच बालेवाडी होती का? तिथं आधी सरकारनं पैसा ओतला. आमच्याकडं ओतायची वेळ आली की "सोयी नाहीत". लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती २०१६ ला, विसरलात वाटतं गाव सोडल्यापासून.

पिंपरीवासी लातूरकर
पाण्याचा इथं काय संबंध? आणि गाव सोडलं ते हौसेनं नाही. गावात नोकरी असती तर मीही माळावर बसून अनुशेष मोजला असता.

औसेकर
लातूरकर, ह्या बाबतीत मात्र मी नांदेडवाल्यांच्या बाजूनं. विद्यापीठ गेलं ते आपले पुढारी गप्प बसले म्हणून.

गोदाकाठ, नांदेड
कोणत्या पक्षाचे पुढारी तेही लिहा की.

औसेकर
सगळ्याच. तुमचे धरून.

जुना हैदराबादी
वाद वाचून हसू आलं. मराठवाड्यात फुटबॉल नव्हता असं कुणी समजू नये. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, आणि तिथं फुटबॉल म्हणजे श्वास होता. हैदराबाद सिटी पोलीसनं १९५० ते ५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. प्रशिक्षक रहीम साहेबांनी घडवलेला भारताचा संघ १९५६ ला मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक घेऊन आला. माझे वडील त्या पोलीस संघाची नावं पाढ्यासारखी म्हणायचे, हैदराबादी उर्दूत. आपण महाराष्ट्रात आलो आणि तो वारसा तिकडंच राहिला.

लेकीची माय, जालना
काका, त्या पाढ्यात एक तरी बाई होती का?

जुना हैदराबादी
नव्हती. बहीण माझी दारातून बघायची, चेंडू अंगणाबाहेर गेला की आणून द्यायची. तेवढंच.

बालाघाटची मास्तरीण
मी बायकांच्या फुटबॉलवर धागा काढला होता. साडेएकवीस कोटी, करोडी, बालेवाडी, लातूरची रेल्वे आणि रोव्हर्स कप झाला. एक परीक्षा घेते, न शोधता उत्तर द्या. २०२३ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याबद्दल काय आठवतं?

भरतीवाला
ते स्पेनच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षानं खेळाडूचं स्टेजवर चुंबन घेतलं ते.

पिंपरीवासी लातूरकर
रुबियालेस. यंदा कोर्टानं दोषी ठरवून दंड पण केला.

बालाघाटची मास्तरीण
आणि गोल कुणी मारला?

(कुणी उत्तर देईना म्हणून दीड तासानं मीच लिहितेय.) ओल्गा कार्मोना. सिडनीत, इंग्लंडविरुद्ध, १-०. सामना संपल्यावर तिला कळलं की वडील वारले आहेत. अध्यक्षाचं नाव दोघांना येतं, गोल मारणारीचं एकालाही नाही. हे बघणारे तुम्ही तरी बरे, भांडायला का होईना आलात.

औसेकर
मला येत नव्हतं, कबूल. पण पुरुषांच्या २०१० च्या फायनलचा गोल कुणाचा विचाराल तर ह्यातल्या निम्म्यांना तोही येणार नाही.

सिडको एन-७
इनिएस्टा.

पिंपरीवासी लातूरकर
इनिएस्टा.

भरतीवाला
इनिएस्टा, ११६ वा मिनिट.

औसेकर
बरं. हा वार बसला. सिंगापूरवाला पण बसला होता, तेव्हा बोललो नाही एवढंच. ७-० ची पोस्ट काढणार नाही, कारण आकडा खरा आहे, पण खाली जोड बघून कुस्ती लावतात हे लिहून टाकतो. आणखी काय पाहिजे? हार घालू?

बालाघाटची मास्तरीण
हार नको. नंबर पाचचा चेंडू परवा पुन्हा बाभळीच्या काट्यावर गेला. सायकलच्या दुकानातला पोरगा पंक्चर काढून देतो, पण आता ब्लॅडरवर ठिगळालाही जागा राहिली नाही.

औसेकर
हे म्हणजे वाद जिंकून वर वर्गणी.

बालाघाटची मास्तरीण
तुम्हीच म्हणालात तिकीट काढणारा दया करत नाही. मग तिकीट समजा. सामना बघायला या, मुरमावर बसायची तयारी ठेवून. पण लवकर या, यंदाची टोळी निघायच्या आत. गोलकीपर आत्ता गावात आहे, फेब्रुवारीत आलात तर दिसणार नाही. मला सकाळी साडेसहाला मैदानावर जायचंय, पायमोजे धुऊन वाळत घातलेत, झोपते.

गोदाकाठ, नांदेड
शुभ रात्री मॅडम. लातूरकर, तुम्ही जागे आहात का? करोडीच्या जागेबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नाही तुम्ही.

पिंपरीवासी लातूरकर
जागा आहे. लिहितोय, थांबा.